दुसऱ्या गेटाची जागा

साडेसहाला वडगावच्या गल्लीत माग चालू असतात,
खटखट, खटखट, धागा तुटला की गप्प.
मी फोनवर तंबोरा लावते, काळी चार,
आणि खिडकी ओढून घेते. पूर्ण लागत नाही ती.
बिजागरी गंजली आहे, दिवाळीपासून म्हणतेय बदलू.

शिवलीला हुक्केरी वही उघडते.
तिची अक्षरं कानडी, माझी बाळबोध.
तिचं लिहिलेलं मला धड वाचता येत नाही,
पण मात्रांचे अवग्रह ओळखू येतात,
कुठे लांबवलंय, कुठे सोडलंय.
चूक दिसली की बोट ठेवते.
"इल्ली?"
"इल्लीच."

पूरिया धनाश्री, गेले चार महिने.
रिषभ कोमल म्हणजे भ्यालेला नव्हे,
हे सांगून झालं, गाऊन झालं.
"बाई, हुईना झालंय की."
हुईल. पाणी पी. पुन्हा.

अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीआधी मी थांबते.
सहा मात्रा मोकळ्या.
बंगळूरची ऑनलाइन मुलगी तिथे दर वेळी म्हणते,
"मॅडम, तुम्ही अडकलात. नेट गेलं."
नाही गं, ती जागा आहे.
कुठून आली असं कुणी विचारलं असतं
तर बेधडक घराण्याचं नाव पुढे केलं असतं.

मग निपाणीचा कार्यक्रम.
तंबाखू व्यापाऱ्यांचा हॉल, बक्षीस समारंभ झालेला,
मागे पुऱ्या तळल्याचा वास,
आम्हाला जेवणाआधीची चाळीस मिनिटं.
तार षड्जावर माझा आवाज फाटला.
सर्दी होती. सर्दी नसती तरी फाटला असता,
आता फाटतो कधीकधी.
मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिवलीलाला नजरेनं म्हटलं, घे.

तिनं घेतलं.
आणि दुसऱ्या ओळीआधी थांबली.
डोळे मिटलेले, मान किंचित डावीकडे,
सहा मात्रा.
बसाप्पाचा हात तबल्यावर हलका झाला.
पहिल्या रांगेतून कुणी तरी "वाह" म्हटलं.

आणि मला गाडी ऐकू आली.

गणाचारी मास्तर टिळकवाडीत
दुसऱ्या रेल्वे गेटाला लागून राहायचे.
शिकवणीच्या ऐन मध्यावर मिरजेकडची गाडी यायची.
गेट पडायचं, सायकली थांबायच्या,
कपाटातल्या बश्या थरथरायच्या.
मास्तर अंतरा तिथेच हातात धरून ठेवायचे,
मान डावीकडे, रुळांच्या अंगाला,
शेवटचा डबा जाईपर्यंत.
मग ओळ.

मी अकरा वर्षांची. मला वाटलं, असंच असतं.
वहीत सहा अवग्रह काढले, रांगेत,
डब्यांसारखे. हे आत्ता सुचतंय,
तेव्हा फक्त अवग्रह होते.

निपाणीला रेल्वे नाही.
तरी दोनशे माणसं, जेवणाची भूक लागलेली,
एक गाडी जाऊ देत बसली.

परतताना हत्तरगीच्या नाक्यापाशी
शिवलीला पेटीच्या खोक्यावर डोकं टेकून झोपलेली.
पाकिटात ठरल्यापेक्षा पाचशे कमी.
तिला सांगावं की नाही, हे मी
काकतीचा चढ येईपर्यंत ठरवत होते.
सांगितलं तर ती थांबणार नाही तिथे.
किंवा थांबेल, पण हसू येईल तिला,
आणि कोमल रिषभ आत्ता कुठे स्थिर होतोय.

काल तिनं आपणहून सांगितलं,
खासबागेत दोन पोरींना शिकवूलालीय ती,
शेजारच्याच, फी म्हणून दूध देतात.
"ती जागा पण शिकवलीस?"
"हां की. जागा घेतात बरोबर."
वहीचं पान उलटत म्हणाली,
"मान तेवढी डावीकडं करायला विसरतात.
मग रागावतो मी."

मी काही बोलले नाही.
पलीकडे माग थांबला होता. कुणी तरी धागा जोडत असावं.